‘कळवतो’ म्हणाले, त्याचा आज 19वा दिवस

प्रिय बाळ,

काल रात्री तुझा मेसेज दोनदा वाचला. ‘सर, नोकरी गेल्याचं दुःख आता जुनं झालं. पण पुढची कधी मिळेल, मिळेल की नाही, हेच कळत नाही, त्याने जीव जातो. कुणी तोंडावर नाही म्हटलं तरी चालेल, असं वाटायला लागलंय.’ फोन केला असता तर धीराचे चार शब्द बोलून मी मोकळा झालो असतो. म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणतेस ते अगदी खरं आहे. नकार आला की माणूस एक रात्र रडतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या अर्जाला लागतो. ‘कळवतो’ आलं की रडताही येत नाही आणि पुढे सरकताही येत नाही. तुझी मुलाखतीची तिसरी फेरी झाली, ‘एचआरकडून कळेल’ म्हणाले, त्याला आज 19 दिवस झाले. या 19 दिवसांत तू फोन उशाशी घेऊन झोपली असशील. आंघोळीला जातानाही तो बाथरूमच्या खिडकीत ठेवला असशील. क्रेडिट कार्ड विकणाऱ्याचा अनोळखी नंबर आला तरी छातीत धडधडलं असेल. हे तू लिहिलं नाहीस, पण मला ते ठाऊक आहे. मी स्वतः यातून गेलोय, आणि त्याआधी वडिलांना जाताना पाहिलंय.

मी दहा वर्षांचा होतो. लालबागच्या चाळीत एक खोली, वडील कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आधी सगळ्यांना वाटलं, होळीपर्यंत मिटेल. मग पाडव्यापर्यंत. मग शाळा सुरू व्हायच्या आत. मग गणपतीपर्यंत तर नक्कीच. संध्याकाळी जिन्यात कुणीतरी बातमी घेऊन यायचं, ‘उद्या बोलणी आहेत म्हणे.’ वडिलांचा चेहरा उजळायचा, दोन दिवसांनी पुन्हा उतरायचा. मला वाटतं, उपासमारीपेक्षा या चढउताराने त्यांना जास्त पोखरलं. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ‘संपलं बाबांनो, आता दुसरं बघा’ असं सांगायला कुणी आलं नाही. मेलेल्याचं सुतक तेरा दिवसांत फिटतं, याचं किती दिवस धरायचं?

आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय असायचं. त्याच्या चौकोनांत आई दुधाचा हिशेब मांडायची, अर्धा लिटर, पाव लिटर. मार्चमध्ये दूध बंद केलं आणि चौकोन रिकामे राहिले. त्यांत वडील संपाचे दिवस मोजू लागले. 60, 61, 62. सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम तेच. आकडा लिहायचा आणि खाटेवर बसून राहायचं. जूनमध्ये आकडा दीडशेच्या घरात गेला तेव्हा आईने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाली, ‘दिवस मोजून काय मिळणार आहे? दिवसभरात काय केलं ते लिहा.’ वडील भडकले. चार दिवस काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी चौकोनात बारीक अक्षर दिसलं, ‘रॉकेल आणले.’ मग ‘पोराला 17 चा पाढा.’ मग ‘माळा साफ.’ मग ‘चालत भायखळा, भाजी.’

त्यांना गिरणीतलं काम परत मिळालं नाही. पुढे एका गोदामावर रखवालदारी केली, ती त्यांना शेवटपर्यंत आवडली नाही. तेव्हा ही गोड शेवटाची गोष्ट म्हणून वाचू नकोस. एवढंच, की त्या चौकोनांनंतर ते रात्री झोपू लागले. खोलीत आम्ही सगळे एका रांगेत झोपायचो, त्यामुळे कोण जागं आहे ते कळायचं.

पुष्कळ वर्षांनी मला याच्याशी जुळणारं काहीतरी वाचायला मिळालं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. तेही कापड गिरणीवर जगणारं. 1930 च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथल्या माणसांचा बारकाईने अभ्यास केला. वेळ मुबलक असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. पुरुषांची चाल मंदावली होती, ते रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबत. पुष्कळांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटलं, तर त्यांना धड आठवेना. बायकांचं तसं झालं नव्हतं, कारण चूल, धुणं, मुलं यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. हे वाचलं तेव्हा मला आईचं ते पेन काढून घेणं आठवलं. आळशी म्हणून ती माणसं थांबली नव्हती. दिवसाला कडा उरल्या नाहीत की कुणाचंही असंच होतं. तुझंही तेच होतंय. ‘मी ढेपाळलेय, माझ्यातच खोट आहे’ असं जे तू दोन वेळा लिहिलंस, ते मनातून काढून टाक.

आता तुझ्याबद्दल. तू रात्री एक वाजता बसून तीस-तीस अर्ज करतेस, ते आधी थांबव. अर्जांची वेळ सकाळी 10 ते 1. एक वाजला की लॅपटॉप बंद, अर्धवट राहिलेला अर्जही उद्या. मेल दोनदाच बघायचे, अकराला आणि पाचला. फोनची रिंग चालू राहू दे, पण मेलची टिंग बंद कर. मुलाखतीनंतर आठव्या दिवशी तीन ओळींचा मेल पाठवायचा, ‘निर्णय झाला असल्यास कळवावे.’ एकदाच. तो गेला की वहीत त्या कंपनीच्या नावाखाली रेघ मारायची. नंतर फोन आला तर आनंदच आहे, पण तू वाट बघणं थांबवलेलं असेल. त्या 19 दिवसांवाल्या कंपनीला आज मेल कर आणि आजच रेघ मार.

रात्री झोपण्याआधी दिवसात केलेली एक गोष्ट लिही. ‘नवीन कोर्स पूर्ण’ असं भारी काही लागत नाही. ‘गॅस सिलिंडर लावला’ चालेल. बेकारीचा काळ म्हणजे नवी कौशल्यं शिकायची सुवर्णसंधी, असं सगळीकडे सांगतात. मला ते पटत नाही. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात नवीन काही चटकन शिरत नाही, आणि मग न शिकल्याचा अपराध वर बसतो. जमेल तेव्हा शिक. सध्या दिवस उभा राहिला तरी पुष्कळ झालं.

पैशांचं तू लिहिलंच नाहीस, म्हणजे भीती तिथेच जास्त आहे. कागद घे. खात्यात किती, भाडं किती, जेवण, हप्ता, घरी पाठवतेस ते. भागाकार कर आणि किती महिने निघतात ते बघ. आकडा वाईट निघेल कदाचित, पण तो निघेपर्यंत भीतीला तळच नसतो. त्यावरून एक तारीख ठरव, त्या तारखेपर्यंत पुण्यातली खोली ठेवायची, नाहीतर कराडला घरी जाऊन तिथून शोधायचं. आज शांत डोक्याने ठरवलंस तर त्या दिवशी घरी जाणं हा पराभव वाटणार नाही. आणि एक, नोकरी देतो म्हणून नोंदणीचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे कुणी मागितले, तर तो चोर समजायचा. टेकीला आलेल्या माणसालाच ते गाठतात.

लोकांचा प्रश्न मला सगळ्यांत जड गेला होता. 2001 मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातला आमचा कारखाना बंद पडला आणि मी अकरा महिने घरी होतो. ‘सध्या काय चाललंय?’ कुणी विचारेल या भीतीने मी जिवलग मित्राच्या लग्नाला गेलो नाही. तो आजही मला काही म्हणत नाही, पण त्याच्या फोटोंत मी नाही, ही बोच गेलेली नाही. म्हणून तुला एक वाक्य पाठ करायला देतोय: ‘कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होते. सध्या टेस्टिंगमधलं काम शोधतेय, कुठे कानावर आलं तर सांगाल का?’ हे मान वर करून म्हणायचं. विचारणाऱ्याच्या हातात काम दिलं की तो कीव करत नाही, आठवू लागतो. मला शेवटी काम मिळालं ते बहिणीच्या शेजाऱ्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर. अकरा महिने मी त्यांच्यापासूनच तोंड लपवत होतो.

बाबा रोज रात्री फोनवर ‘काही झालं का?’ विचारतात आणि तू चिडतेस. ते काळजीनेच विचारतात, पण तू मोडून पडतेस हेही खरं. त्यांना सांग, ‘बाबा, रविवारी सकाळी मी स्वतः सगळं सांगेन. मधल्या दिवशी आपण दुसरं बोलू, पावसाचं, शेजारच्यांचं, कशाचंही.’ आत्या स्थळं बघू म्हणतात त्याबद्दल मी बोलावं की नाही कळत नाही, पण विचारलंस म्हणून सांगतो. लग्न कर किंवा करू नकोस, ते तुझं तू ठरव. पण ‘नोकरी लागली की सांगते’ असं म्हणू नकोस. एका टांगलेल्या गोष्टीला दुसरी बांधलीस की दोन्हींचं ओझं तुझ्याच मानेवर येतं.

एक गोष्ट मी लपवून विचारणार नाही. झोप दोन-दोन आठवडे येत नसेल, जेवण जात नसेल, जगून काय करू असं मनात येत असेल, तर माझ्या पत्राने भागणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. लाव. रात्री तीनला मला फोन केलास तरी मी उचलेन, हे वेगळं सांगायला नको. बायकोलाही सांगून ठेवलंय.

शनिवारी अंबरनाथला ये. पुण्याहून कल्याणला उतरायचं आणि कर्जतच्या बाजूची लोकल घ्यायची. प्रशिक्षणार्थी असताना तू वर्कशॉपमध्ये बिघाडांची जी वही ठेवायचीस ना, ती माझ्या कपाटात अजून आहे. तुझ्या बायोडेटात त्यातलं एक अक्षरही नाही, हे परवा बघताना माझ्या लक्षात आलं. बायोडेटाच्या दोन छापील प्रती आण. जेवून बसू आणि तो नव्याने लिहू.

तुझे,
सर