ब्रिटनमधील वस्तूंवर राजघराण्याचे चिन्ह छापण्याचा मान कंपन्यांना कसा मिळतो?

इंग्लंडहून येणाऱ्या चहा-बिस्किटांच्या डब्यांवर सिंह आणि एकशिंगी घोडा असलेले राजचिन्ह दिसते, ते कंपन्यांना पैसे भरून मिळते की एखाद्या स्पर्धेतून, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही नाही. या मानाला ‘रॉयल वॉरंट’ म्हणतात आणि तो मिळवायचा मार्ग एकच आहे: राजघराण्याला प्रत्यक्ष माल विकणे आणि तो वर्षानुवर्षे विकत राहणे.

नियम असा की गेल्या सात वर्षांपैकी किमान पाच वर्षे माल किंवा सेवा राजवाड्याला नियमितपणे पुरवलेली असली पाहिजे. हा मान मिळावा म्हणून माल फुकट द्यावा लागत नाही. राजवाडा इतर गिऱ्हाइकांसारखाच पैसे मोजतो. अलीकडे पर्यावरणाबाबत कंपनीचे धोरण काय आहे, हेही दाखवावे लागते. १८४० साली सुरू झालेली वॉरंटधारकांची संघटना अर्जाचे काम पाहते. माल राजवाड्याच्या ज्या विभागात वापरला जातो त्याचे मत घेतले जाते, राजवाड्याचे सर्वांत वरिष्ठ अधिकारी असलेल्या लॉर्ड चेंबरलेन यांच्या अध्यक्षतेखालील समिती शिफारस करते आणि शेवटचा शब्द खुद्द राजाचा असतो. वकील, बँका, सरकारी खाती, प्रसारमाध्यमे, नाट्यगृहे यांना हा मान मिळूच शकत नाही.

मराठीत या प्रकाराला कधी कधी ‘राजाश्रय’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवले, तो राजाश्रय. तिथे राजा पोशिंदा असतो. इथे राजा केवळ जुने, समाधानी गिऱ्हाईक आहे आणि आपण गिऱ्हाईक आहोत एवढेच तो लेखी देतो.

आईच्या स्वयंपाकघरात मामांनी फार वर्षांपूर्वी लंडनहून आणलेला चहाचा एक डबा आहे. चहा केव्हाच संपला, आता त्यात रवा असतो. त्यावरच्या राजचिन्हाखाली बारीक अक्षरांत तीन गोष्टी छापल्या आहेत: राणी एलिझाबेथ यांचे नाव, ‘टी मर्चंट्स’ हे शब्द आणि शेवटी कंपनीचे नाव व गाव. मान कोणी दिला, कशासाठी दिला आणि कोणाला दिला, हे सगळे त्या तीन ओळींत येते. शिवाय प्रत्येक वॉरंट कंपनीतील एका ठरावीक व्यक्तीच्या नावे दिलेले असते आणि चिन्हाचा वापर नियमाप्रमाणे होतो की नाही, याची जबाबदारी त्या व्यक्तीवर असते. परवानगीवाचून धंद्यासाठी राजचिन्ह वापरायला १९९४ च्या ट्रेडमार्क कायद्याने मनाई आहे.

मात्र हा मान कायमचा नसतो, आणि मला या पद्धतीतली हीच बाजू सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉरंट फार तर पाच वर्षांसाठी मिळते, मग फेरतपासणी होते. ज्याने ते दिले त्याचा मृत्यू झाला तर तेही रद्द होते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांचे निधन झाल्यावर त्यांच्या वॉरंटधारकांना चिन्ह काढून टाकण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली आणि राजे चार्ल्स यांनी मे २०२४ पासून स्वतःची वॉरंट द्यायला सुरुवात केली. त्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या यादीत कॅडबरीचे नाव नव्हते. १८५४ साली राणी व्हिक्टोरिया यांच्याकडून पहिले वॉरंट मिळवलेली ही कंपनी जवळजवळ १७० वर्षांनी यादीबाहेर गेली. राजवाडा अशा निर्णयांची कारणे जाहीर करत नाही, त्यामुळे यावरून चॉकलेटच्या दर्जाबद्दल निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

आईच्या डब्यावर असलेली राणीच्या नावाची ती ओळ आता कोणतीही कंपनी नव्या डब्यावर छापू शकत नाही.