लोगो दिसतो आणि मग टीव्ही काळा पडतो, नक्की कुठे अडतंय ते कसं शोधायचं

लक्षणं एवढी नीट लिहिलीत ते फार बरं केलंत, अर्धं निदान त्यातच आहे. म्हणजे पीसी एचडीएमआय केबलने एव्ही रिसीव्हरमधून (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, जो चित्रही पुढे टीव्हीला देतो) नव्या ४के टीव्हीला जोडलाय, चालू केला की मदरबोर्डचा लोगो दिसतो, विंडोजचे गोल फिरणारे ठिपके दिसतात आणि लॉगिन स्क्रीन यायच्या वेळेला टीव्ही काळा, कधी सरळ 'नो सिग्नल'. जुन्या १०८०पी टीव्हीवर हाच पीसी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. आणि कधी नशिबाने चित्र आलंच तर काळा रंग राखाडी दिसतो. यावर तुम्हाला विंडोज परत टाका असा सल्ला मिळालाय, तो कृपया इतक्यात ऐकू नका. लोगो दिसतोय म्हणजे ग्राफिक्स जिवंत आहे, पोर्ट जिवंत आहे, केबलमधून निदान हलकं चित्र तरी जातंय. ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, ताबा घेतो त्या क्षणी गाडी अडते, तर त्या क्षणी काय होतं ते आधी बघू.

एचडीएमआयला १९ पिना असतात. १८ नंबरच्या पिनेवरून पीसी ५ व्होल्ट देतो, समोरचं यंत्र १९ नंबरच्या हॉट प्लग पिनेवरून 'मी आहे' असं कळवतं, मग पीसी १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून त्या यंत्राची माहिती वाचतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटचा एक तुकडा आणि टीव्ही असेल तर त्याला जोडून बहुधा अजून एक १२८ बाइटचा, एवढ्याशा जागेत कुठलं रिझोल्यूशन, कुठला रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, हर्ट्झमध्ये), कुठला ऑडिओ, एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) चालतं का हे सगळं लिहिलेलं असतं. ड्रायव्हर सुरू झाला की हे वाचतो आणि टीव्हीने जो मोड पसंतीचा म्हणून सांगितलाय तो लावतो, तुमच्या बाबतीत ३८४०×२१६०, ६० हर्ट्झ. लोगोच्या वेळी बहुतेक बोर्ड साधंसुधं रिझोल्यूशन वापरतात म्हणून तोवर सगळं ठीक दिसतं.

आता आकडे बघा म्हणजे कळेल मी केबल आणि रिसीव्हरकडे का बोट दाखवतोय. १०८०पी ६० ला पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ लागतो, ४के ६० ला ५९४, बरोबर चौपट. वायरवरून जाताना तेच साधारण ४.५ गिगाबिट आणि १७.८ गिगाबिट प्रति सेकंद होतं. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीची मर्यादा १०.२ होती, २.० मध्ये ती १८ झाली. म्हणजे जुन्या टीव्हीबरोबर जी केबल आणि जो रिसीव्हर आरामात चालत होता त्याच्यावर आता एकदम चौपट भार आलाय, त्यामुळे 'काल तर चालत होतं' हे खरं असूनही त्यावरून केबल चांगली आहे असं काही सिद्ध होत नाही.

आणि मध्ये रिसीव्हर असला की पीसीला टीव्हीचं ईडीआयडी जसंच्या तसं मिळत नाही, रिसीव्हर त्यात स्वतःच्या ऑडिओची माहिती घालून, कधी काही कापून पुढे देतो. म्हणून पहिली चाचणी एकच, रिसीव्हर बाजूला काढा आणि पीसी थेट टीव्हीला लावा, शक्यतो दोनेक मीटरच्या आखूड केबलने. चित्र व्यवस्थित आलं तर तुमचा शोध निम्म्यावर आला. कृपया एका वेळी एकच गोष्ट बदला, केबल आणि पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलले आणि चाललं तर कशाने चाललं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात परत तेच होतं तेव्हा परत पहिल्यापासून सुरुवात.

हे करताना टीव्ही नक्की काय म्हणतोय ते वाचा, लोक हे फार दुर्लक्षित करतात. 'नो सिग्नल' म्हणजे टीव्हीपर्यंत काही पोचतच नाहीये, पीसीने पाठवणं थांबवलंय, किंवा केबल इतकी कमी पडतेय की टीव्हीला त्यातून सिग्नल ओळखताच येत नाही. 'मोड नॉट सपोर्टेड' किंवा 'अनसपोर्टेड सिग्नल' असं काही आलं तर गोष्ट वेगळी, सिग्नल पोचतोय पण टीव्हीला तो झेपत नाही, मग केबलच्या मागे न लागता सेटिंगमध्ये जायचं. आणि तिसरा प्रकार, टीव्ही काहीच बोलत नाही, नुसता काळा, पण रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं तर कोपऱ्यात ३८४०×२१६० ६० हर्ट्झ असं लिहून येतं. तेव्हा टीव्हीला सिग्नल मिळतोय आणि पीसीच काळं चित्र पाठवतोय, बऱ्याचदा दुसरा कुठला तरी डिस्प्ले मुख्य झालेला असतो. विंडोज आणि पी एकत्र दाबा, थांबा, परत पी आणि एंटर, असं करत पर्याय फिरवून बघा.

स्क्रीनच काळी तर सेटिंग बदलायची कशी, हा तुमचा खरा अडथळा आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बीप येतो, कधी कधी तेवढ्यानेच चित्र परत येतं. नाही आलं तर एखादा साधा मॉनिटर दुसऱ्या पोर्टला लावा आणि त्यावरून काम करा. दुसऱ्या काँप्युटरवरून रिमोट घ्यायचा असेल तर विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप इथे उपयोगाचं नाही कारण ते आपला वेगळा आभासी डिस्प्ले उघडतं आणि खऱ्या टीव्हीचं रिझोल्यूशन त्यातून बदलता येत नाही, व्हीएनसीसारखं समोरची खरी स्क्रीन दाखवणारं काहीतरी आधीच टाकून ठेवलेलं असावं. एचटीपीसी (टीव्हीला जोडलेला पीसी) वापरणाऱ्या प्रत्येकाने ते टाकून ठेवावंच असं माझं ठाम मत आहे.

आत शिरलात की रिझोल्यूशन १०८०पी ६० करा. आलं? मग ४के पण ३० हर्ट्झ. तेही आलं आणि टिकलं? मग ४के ६०. तुमच्या केसमध्ये माझा सगळा भरवसा या पायरीवर आहे, कारण ४के ३० ला ४के ६० च्या निम्मा डेटा लागतो आणि ते जुन्या १.४ मध्येही बसतं. ३० वर तासभर स्थिर आणि ६० वर काळं असेल तर विंडोज निर्दोष आहे, वाटेत कुठेतरी १८ गिगाबिट पेलत नाहीये, मग ती केबल असेल, रिसीव्हर असेल, टीव्हीचा पोर्ट असेल नाहीतर डिस्प्लेपोर्टवरून घेतलेला ॲडॉप्टर. उलट ३० वरही काळं होत असेल तर ड्रायव्हर आणि ईडीआयडीकडे वळायचं.

टीव्हीच्या पोर्टबद्दल. नवीन टीव्हीतसुद्धा प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी एक वेगळी सेटिंग असते, ती बंद असेल तर तो पोर्ट पीसीला कमीच क्षमता सांगतो. एलजीवर तिचं नाव एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर, सॅमसंगवर इनपुट सिग्नल प्लस, सोनीवर एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट. ती ज्या पोर्टला पीसी लावलाय त्याच पोर्टसाठी बदलायची असते, बरेच जण एक नंबरला चालू करतात आणि केबल दोन नंबरला असते. ही सेटिंग बदलली की टीव्हीचं ईडीआयडीच बदलतं म्हणून नंतर पीसी रीस्टार्ट करा. उलट बाजूनेही ती चाचणी म्हणून कामाची आहे, चालू असताना काळं आणि बंद केल्यावर लगेच चित्र आलं तर संशय जवळजवळ पूर्ण केबलवर किंवा रिसीव्हरवर.

केबल कमी पडत असेल तर ती कशी ओळखायची तेही सांगतो. काळ्या भागात पांढरे बारीक ठिपके चमचमतात, किंवा दर काही मिनिटांनी दोन सेकंद चित्र जातं आणि परत येतं, किंवा येतच नाही. रंग फिके पडणं, चित्र धूसर होणं हे केबलमुळे होत नाही, ते सेटिंगचं काम. घेताना '२.० केबल' वगैरे छापलेल्यावर जाऊ नका, केबलची अधिकृत नावं वेगळी आहेत, १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड आणि ४८ साठी अल्ट्रा हाय स्पीड, पाकिटावर स्कॅन करून तपासता येईल असं लेबल असतं. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय घेतली असेल तर तिला दिशा असते, एक टोक पीसीचं आणि एक टीव्हीचं, उलटी लावली की काहीच दिसत नाही. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारे साधे ॲडॉप्टरही एकाच दिशेने चालतात आणि ४के ६० साठी बहुधा ॲक्टिव्ह, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेल्या, प्रकारचाच लागतो.

टीव्ही आधी चालू असेल तर चित्र येतं आणि पीसी आधी चालू केला तर येत नाही, असं होतंय का तेही बघा. तसं असेल तर सुरुवातीला ईडीआयडी वाचलंच गेलं नाही आणि पीसी ६४०×४८० किंवा १०२४×७६८ धरून बसला किंवा पोर्टच बंद केला. तात्पुरता उपाय म्हणजे क्रम, आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी पीसी. कायमचा उपाय म्हणजे मध्ये लावायचा छोटा ईडीआयडी एम्युलेटर, जो टीव्ही बंद असला तरी पीसीला तीच माहिती देत राहतो, फक्त तोही १८ गिगाबिटचा घ्या नाहीतर तोच नवा अडथळा होतो. लिनक्सवाल्यांना हे फुकटात जमतं, टीव्हीचं ईडीआयडी एकदा फाइलमध्ये उतरवून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) तीच फाइल वापर म्हणून सांगता येतं, लिब्रइलेक या टीव्हीच्या पीसीसाठीच्या लिनक्समध्ये तर त्यासाठी तयार कमांडच आहे. आणि हो, विंडोजचा फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवा, तो चालू असला की शट डाउन करूनही ड्रायव्हर पूर्ण नव्याने सुरू होत नाही, त्यामुळे 'बंद करून चालू केलं तरी तेच' असं वाटत राहतं. टीव्ही आणि रिसीव्हरही रिमोटने बंद न करता प्लग काढून पाच मिनिटं तसेच ठेवा, स्टँडबायमध्ये ते खरे बंद नसतात.

एवढं सगळं करूनही ४के ३० वर काळंच, तर मग ड्रायव्हर. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने सेफ मोडमध्ये जुना पूर्ण काढा, इंटरनेट तोडलेलं असू द्या म्हणजे विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घालणार नाही, आणि मग ग्राफिक्स कंपनीचा टाका.

आता राखाडी काळ्याबद्दल, ही वेगळी तक्रार आहे, वरच्यात मिसळू नका. आधी विंडोजमध्ये एचडीआर चालू आहे का बघा, तो चालू असताना साधा डेस्कटॉप आणि साधे व्हिडिओ फिकट दिसतात. बंद करूनही राखाडीच असेल तर रेंजचा घोळ. पीसीचा काळा ० असतो आणि पांढरा २५५, व्हिडिओच्या दुनियेत काळा १६ आणि पांढरा २३५. पीसी १६ ला काळा म्हणून पाठवतोय आणि टीव्ही ० ला काळा समजतोय, तर त्याला तो १६ गडद राखाडी दिसणारच. याच्या उलट झालं तर रात्रीच्या सीनमधले केस, काळे कपडे, सावल्या सगळं एकाच काळ्या डागात बुडतं, आणि ते जास्त वाईट कारण लोकांना ते 'मस्त कॉन्ट्रास्ट' वाटतं. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आउटपुट रेंज आणि टीव्हीमध्ये ब्लॅक लेव्हल किंवा व्हिडिओ रेंज, दोन्ही एकाच बाजूला न्या. डेस्कटॉपही वापरत असाल तर मी दोन्हीकडे फुल (० ते २५५) ठेवायला सांगेन. प्लेअरमध्ये तिसरीच रेंज लावून हिशोब जुळवू नका, व्हिडिओ सुधारतो आणि बाकी सगळं बिघडतं.

टीव्हीत त्या इनपुटचं नाव किंवा आयकॉन पीसी असं ठेवा, बऱ्याच टीव्हींवर त्याशिवाय पूर्ण रंगमाहिती दाखवली जात नाही आणि काळ्यावरची लाल अक्षरं कडेला फुटलेली दिसतात. कडा कापल्या जात असतील तर ओव्हरस्कॅन, टीव्हीत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट शोधा, ड्रायव्हरमधून चित्र आक्रसू नका.

चित्र स्थिर झालं की, कोडी हा व्हिडिओ प्लेअर वापरत असाल तर, त्यात रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सेटिंग चालू करा. बहुतेक चित्रपट २३.९७६ फ्रेमचे असतात, ६० वर ते पॅनिंगमध्ये किंचित अडखळतात, आणि बरोबर २४.००० वर चालवले तर साधारण ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, म्हणून यादीत २३ किंवा २३.९७६ दिसत असेल तर तोच घ्या. सुरू होताना दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी होईल, तो बिघाड नाही, टीव्ही नव्या मोडवर जुळतोय. कोडीत तेवढा वेळ थांबायची सेटिंग आहे, ती लावली की सुरुवातीचे संवाद हुकत नाहीत.

सगळं दिसतंय पण एखाद्याच स्ट्रीमिंग ॲपमध्ये आवाज येतो आणि चित्र काळं, असं झालं तर तो एचडीसीपीचा, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून चित्राला लावलेल्या कुलपाचा प्रश्न. ४के साठी बहुतेक ठिकाणी एचडीसीपी २.२ लागतं आणि साखळीतल्या प्रत्येक यंत्रात ते असावं लागतं, रिसीव्हर जुना असेल तर तिथेच अडतं. मग पीसीचा व्हिडिओ थेट टीव्हीला आणि आवाज टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (जो टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरूनच उलट पाठवतो) रिसीव्हरला, अशी जोडणी करा, रिसीव्हर एचडीएमआय १.४ चा निघाला तर ४के ६० साठीही हाच मार्ग आहे.

रिसीव्हर काढून ४के ३० आणि ४के ६० वर काय होतं, आणि काळं पडतं तेव्हा टीव्हीवर नेमके कुठले शब्द येतात, हे दोन कळवा, सोबत रिसीव्हरचं मॉडेल आणि पीसीचा कुठला पोर्ट वापरताय तेही. पुढचं त्यावरून बघू.