वाचकांचे प्रश्न : गाठ आणि भिंत

प्रश्न : ‘नॉर्डवांड’ या २००८ च्या जर्मन चित्रपटातील दोराच्या गाठीचा प्रसंग खरा आहे की रचलेला?

उत्तर : दुर्दैवाने खरा आहे. जुलै १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर चढणाऱ्या चौघांनी एक अवघड आडवा टप्पा ओलांडल्यावर तेथील दोर काढून घेतला होता, त्यामुळे माघारी फिरण्याची वेळ आली तेव्हा तीच वाट त्यांना बंद झाली. अखेर एकटा उरलेला टोनी कुर्त्स, एक हात गोठून निकामी झालेला असताना, बचावपथकाच्या डोक्यावर काही मीटर अंतरावर लटकत होता. दोन दोर जोडणारी गाठ कॅरॅबिनरमधून (दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीतून) काही केल्या सरकेना, आणि तेथेच त्याने प्राण सोडला. चित्रपटातील त्याची पत्रकार प्रेयसी मात्र पटकथेची भर आहे, तीही माझ्या मते अनावश्यक.