मुलाला ‘स्टमक फ्लू’ झालाय. डॉक्टरांनी अँटिबायोटिक न देता नुसती ओआरएसची पाकिटं का दिली?

कारण विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. नावात फ्लू असला तरी इन्फ्लुएन्झाचा इथे काही संबंध नाही. लहान मुलांत बहुधा रोटा किंवा नोरोव्हायरस असतो. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे ते रोटाच्या लशीचे डोस झाले असतील तर माझा संशय नोरोवर.

पण मी लिहितोय ते तुमच्या ‘नुसती’ या शब्दासाठी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या, ते पाणी पिंपांत भरलं आणि पाजायला रुग्णांच्या घरच्यांनाच बसवलं. सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. तरी आजही ‘साधं मीठ-साखरेचं पाणी काय देता, सलाईन लावा’ हे ऐकावं लागतं. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या मुलाला सुई कशाला टोचायची?

आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाबातही ही वाट बऱ्यापैकी चालू असते. म्हणून लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असं मोजून ठरवलंय. घोटाळा नेमका इथेच होतो. लिटरचं पाकीट लोक अंदाजाने पेल्यात अर्धं ओततात, वर चवीला साखर घालतात. असं दाट पाणी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, जुलाब वाढतात, आणि मग ‘ओआरएस सोसलं नाही’. एक लिटरची बाटली मापाला घ्या, अख्खं पाकीट त्यात टाका. कालवल्यावर उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. पेलाभर एकदम पाजलं तर सगळं बाहेर येणारच. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे १०० ते २०० मिली. सोबत झिंक २० मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायचं नाही. मऊ भात, वरण, ताक चालू ठेवा. उपाशी ठेवल्याने आतडं भरून यायला उशीर लागतो.

आणि हो, सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरो त्याला फारसा दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, बरं वाटल्यावरही दोन आठवडे, कारण शौचातून विषाणू जातच असतो.

किती दिवस, हे राहिलंच. नोरो एक ते तीन, रोटा आठपर्यंत.

वर जे सलाईनबद्दल बोललो त्याला अपवाद आहे: सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, काहीच पोटात ठरत नाही, तर लगेच दवाखाना गाठा, तिथे सलाईन लागेलच. शौचात रक्त दिसलं तर दुखणं बहुधा निराळं असतं, तेव्हाही डॉक्टरच.