दर नवरात्रात खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. मी अस्वच्छ आहे का?

तू लिहिलंयस की गरबे संपत आले की दर वर्षी खाली खाज सुटते, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं. आई म्हणते उष्णता झाली, सब्जा पी. आणि लग्न झालेलं नसताना डॉक्टरकडे जायची लाज वाटते. मीही बडोद्यातलीच, दांडिया बाजारातली. तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून अगं-तुगं करते.

नाही गं, तू अस्वच्छ नाहीस. कँडिडा नावाची बुरशी कितीतरी बायकांच्या योनीमार्गात एरवीही असते, काही त्रास न देता. तिथले चांगले जिवाणू आम्ल तयार करून तिला आवरून धरतात. त्यांचा जोर कमी झाला की ती फोफावते. चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. घसा धरला म्हणून घेतलेलं अँटिबायोटिक त्या चांगल्या जिवाणूंनाच मारतं, बुरशीला काही करत नाही. गरोदरपण, स्टेरॉइडच्या गोळ्या, वाढलेली साखर ही आणखी कारणं. शिवाय बुरशीला ऊब आणि ओल आवडते. चणियाचोळीखाली घट्ट सिंथेटिक लेगिंग, मध्यरात्रीपर्यंत फेर, मग मैत्रिणींबरोबर सेवउसळ, आणि घरी पोचेपर्यंत तेच घामाने भिजलेले कपडे अंगावर! सब्जा खुशाल पी, पण त्याने बुरशी जात नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. वास येत असेल या भीतीने रोज अँटिसेप्टिकच्या पाण्याने आतून धुवायचे. त्याने चांगले जिवाणूही धुऊन जातात. मग मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणली. अशा कित्येक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज दबली, मला वाटलं बरं झालं. आठवड्याने पुन्हा सुरू. असे आठ महिने काढले. कातडी पातळ होऊन नुसत्या लघवीनेही झोंबायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी स्रावाचा नमुना घेतला आणि साखर तपासायला लावली. मला मधुमेह होता, आणि तो असा कळला.

पांढरं जाणं म्हणजे दर वेळी बुरशीच असं नाही, म्हणून पहिल्यांदा तरी दाखवायलाच हवं. खूप खाज, घट्ट पांढरा स्राव आणि वास जवळजवळ नाही, तर बहुधा बुरशी. पातळ, करडा, मासळीसारखा वास येणारा स्राव असेल तर तो जिवाणूंचा त्रास. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर बहुधा ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जंतू, तो शरीरसंबंधातून येतो आणि जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. बुरशीचं औषध या दोन्हींवर चालत नाही. बुरशीसाठी क्लोट्रिमाझोलची क्रीम किंवा आत ठेवायची गोळी देतात, नाहीतर तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी. ही तोंडाने घ्यायची गोळी गरोदरपणात चालत नाही.

लग्न झालं नाही म्हणून अडू नकोस. सयाजी हॉस्पिटलच्या स्त्रीरोग ओपीडीत जा, किंवा घराजवळच्या डॉक्टरबाईंकडे. बसल्याबरोबर सांग, ‘माझे शरीरसंबंध आलेले नाहीत.’ त्याप्रमाणे त्या तपासणी आणि औषध ठरवतात. नमुना कापसाच्या बारीक काडीने घेता येतो. कशी तपासणार ते आधी विचार. तुझ्या होकाराशिवाय आतून तपासायचं नसतं.

घरी आलीस की किती का दमलेली असेनास, आधी कपडे बदल. बाहेरून साध्या पाण्याने धू, कोरडं कर, आत साबण नको, सुगंधी वॉश नको. दही-लसूण आत ठेवायचे सल्ले मिळतील, ते ऐकू नकोस. चड्डी सुती घाल आणि उन्हात वाळव. आपल्याकडे ती टॉवेलखाली लपवून वाळत घालतात, मग दमटच राहते. माझ्या आईनेही तेच शिकवलं होतं, मी माझ्या मुलीला नाही शिकवलं.

ताप आला, ओटीपोटात दुखायला लागलं, तर थांबू नकोस, त्याच दिवशी जा. आणि वर्षात तीनदा झालं तर साखर तपासून घे, वय लहान असलं तरी.