गाभडलेल्या मेंढीचा जंतू नेमका कसा ओळखावा?

प्रश्न : आमच्या दख्खनी मेंढ्यांपैकी काही शेवटच्या महिन्यात गाभडल्या. रक्त तपासले, पण कारण ठरले नाही. जनुकीय तपासणीने ते कळेल का?
— एक मेंढपाळ, ता. कागल, जि. कोल्हापूर

उत्तर : कळू शकेल, मात्र योग्य नमुना वेळेत घेतला तरच. रक्तातील प्रतिद्रव्यांवरून, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या घटकांवरून, मेंढीचा एखाद्या जंतूशी कधीतरी संबंध आला होता एवढेच समजते. या वेळच्या गर्भपाताला तोच कारण होता का, हे त्यावरून ठरत नाही. दिवस भरत आले असताना गर्भपात झाला की क्लॅमिडिया अबॉर्टस या जंतूचा संशय येतो, परंतु ब्रुसेला मेलिटेन्सिस या जंतूमुळेही तसेच घडते. वारेचा लेप काचपट्टीवर रंगवून पाहिला, तर हे दोन्ही जंतू आणि गर्भपात घडवणारा तिसरा जंतू कॉक्सिएला बर्नेटी जवळपास सारखेच लालसर दिसतात.

पीसीआर या जनुकीय तपासणीत जंतूच्या डीएनएतील त्याच्या ओळखीच्या तुकड्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात. ब्रुसेलासाठी बीसीएसपी ३१ हे जनुक शोधतात. कॉक्सिएलासाठी आयएस ११११ हा तुकडा शोधतात; तो तिच्या डीएनएत अनेकदा आढळत असल्याने जंतू थोडे असले तरी सापडतात. जंतूचा काहीच अंदाज नसेल, तर सर्व जिवाणूंत असणाऱ्या १६ एस आरआरएनए या जनुकाचा अनुक्रम वाचून त्याची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) कळते, पण ब्रुसेलाच्या जाती यात सारख्याच दिसत असल्याने मेलिटेन्सिस की ओव्हिस, हे ठरवण्यासाठी वेगळी पीसीआर चाचणी करावी लागते.

पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो आणि कॉक्सिएला तर सुखरूप व्यालेल्या मेंढीच्या वारेतही मिळू शकते. म्हणून वारेला सूज किंवा इजा आहे का, किती मेंढ्या गाभडल्या, हे पाहूनच अहवालाचा अर्थ लावावा.

बहुतेक वाड्यांवर वार लगेच फेकली जाते आणि निदान तिथेच हातचे जाते. तसे न करता त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. वारेचा गाठी असलेला भाग, गर्भाच्या पोटातील द्रव आणि योनिमार्गातील स्रावाचा बोळा हे नमुने फॉर्मेलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या रसायनात) न घालता बर्फावर ठेवून पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. हे जंतू माणसालाही बाधतात. त्यामुळे उघड्या हाताने वारेला शिवू नये, घरातील गरोदर स्त्रीला या कामापासून कटाक्षाने दूर ठेवावे, उरलेली वार चुन्यासह खोल पुरावी आणि अहवाल येईपर्यंत गाभडलेल्या मेंढ्या कळपापासून वेगळ्या बांधून दूध उकळूनच वापरावे.