वाचकांचे प्रश्न : कोयनेखालचा दाब

प्रश्न : कोयना धरणात पाणी शंभर मीटरच्या आतच असते. पाच किलोमीटर खालच्या खडकावर आधीच प्रचंड ओझे आहे. मग एवढ्याशा पाण्याने भूकंप कसा होईल? (एक वाचक, पाटण)

उत्तर : शंका रास्त आहे. एक किलोमीटर जाडीच्या खडकाचा दाब सुमारे 27 मेगापास्कल, म्हणजे पाच किलोमीटरवर जवळपास 135. धरणात 80 मीटर पाणी चढले तरी तळावर जेमतेम 0.8 मेगापास्कलची भर पडते आणि खाली जाता जाता तीही पसरून कमी होते. धरणाच्या वजनाने खालचा खडक चिरडतो, ही समजूत सोडून द्यावी.

खरे काम भेगांतले पाणी करते. भ्रंशाच्या, म्हणजे जिच्या बाजूने खडक सरकतो त्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, म्हणून घर्षण त्यांना सरकू देत नाही. भेगेतले पाणी मात्र त्यांना आतून दूर लोटते. भ्रंशावरच्या दाबातून पाण्याचा दाब वजा केला की जे उरते, तेवढ्यावरच घर्षण टिकते. घर्षणांक 0.6 धरला आणि पाण्याचा दाब 0.5 मेगापास्कलने वाढला, तर भ्रंशाची पकड 0.3 मेगापास्कलने ढिली होते. आकडा किरकोळ आहे. पण इथला भ्रंश मुळातच सरकण्याच्या बेतात होता आणि तो ताण धरणाने दिलेला नाही. तो भूपट्टांच्या हालचालींतून साठला. धरण निमित्त ठरले. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे झालेला 6.3 तीव्रतेचा भूकंप याच परिसरातला.

प्रश्न : मग पाणी भरताक्षणीच धक्के का बसत नाहीत?

उत्तर : वजन तत्काळ जाणवते, पण पाण्याच्या दाबाला सूक्ष्म भेगांतून खोलवर पोहोचायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून कोयनेत धक्क्यांची वाढ पावसाळ्याच्या अखेरीस आणि पुन्हा हिवाळ्यात दिसते. पातळी किती वेगाने चढली, किती उंच गेली आणि किती काळ टिकली, या तिन्हींवर लक्ष ठेवावे लागते. धरण घाईने रिकामे करण्याची सूचना अधूनमधून होते. ती आम्हाला घातक वाटते. वरचे वजन लगेच उतरते, खालच्या भेगांतला वाढलेला दाब मात्र रेंगाळतो, आणि जलाशयाखालच्या भ्रंशाची पकड तेवढ्या काळात आणखी सैल होऊ शकते.

प्रश्न : कोयना परिसरातल्या गोठणे गावी भूकंपाच्या अभ्यासासाठी पाडलेले बोअर तीन किलोमीटर खोल आहे. एवढ्या दाबात ते मिटत कसे नाही?

उत्तर : 2017मध्ये पूर्ण झालेले हे बोअर सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टमधून आणि पुढे ग्रॅनाइटी खडकातून जाते. तीन किलोमीटरवर उभा दाब साधारण 80 मेगापास्कल, तर अखंड ग्रॅनाइट 150 ते 250 मेगापास्कल सहज पेलतो. अडचण भिंतीशी येते. भोक पाडले की आडवा ताण त्याला वळसा घालून जातो आणि काठावर दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. खोदताना बोअरमध्ये भरलेला द्रव हलका पडला तर भिंतीचे ढलपे सुटतात, ड्रिलचे पाते अडकते. द्रव फार जड झाला तर भिंतच उभी चिरते आणि द्रव खडकात निघून जातो. ढलपे समोरासमोरच्या दोन बाजूंनीच सुटतात, त्या कमीत कमी आडव्या ताणाच्या. त्यामुळे बोअरच्या आत सोडलेल्या उपकरणाने भिंतीची प्रतिमा घेतली की जास्तीत जास्त ताण कोणत्या दिशेने येतो, हे थेट वाचता येते.